गोदाराणी, आमच्या घरची म्हातारी

(परळ येथे गिरणी कामगार आणि आदिवासी यांची एकत्र स्मरण सभा झाली. तिच्यात आपल्या युवा साथींच्या वतीने केलेल्या भाषणाचा हा मजकूर आहे. पाड्यापाड्यावर वाचून दाखवावा.)



आम्ही डहाणू-तलासरीकडून आलो. पहाटेची गाडी धरून विरारला बदलली आणि दादरला उतरून चालत इथे आलो. आमच्यातले बरेच जण मुंबईत पहिल्यांदाच आले आहेत. पण मुंबई आमच्याकडे फार आधीपासून येते. आमच्या बापजाद्यांनी कापलेलं गवत इथल्या तबेल्यात म्हशी खायच्या. आमच्या जंगलातलं लाकूड आणि कोळसा इथल्या घरात जळला. गवत मुंबईत पोचायचं. कापणाऱ्याला काय मिळतं हे मात्र मुंबईला कधी कळत नव्हतं. ते कळवणारी जी बाई होती, तिची आठवण काढायला आपण जमलो आहोत.

कॉम्रेड गोदावरी परुळेकर ८ ऑक्टोबर १९९६ रोजी गेल्या. १४ ऑगस्ट १९०७ चा जन्म, म्हणजे ८९ वर्षांचं आयुष्य. इथले लोक त्यांना गोदूताई म्हणतात. आमच्याकडे त्या गोदाराणी.

आम्हाला सांगितलं, त्यांच्या कार्यावर बोला. आम्ही बारावीपर्यंत शिकलेले. मोठमोठे पुढारी त्यांच्यासोबत तुरुंगात राहिले, ते कार्य जास्त चांगलं सांगतील. आम्ही दुसरी गोष्ट सांगतो. शेतकऱ्याच्या घरात एक म्हातारी असते. कोणतं बी कुठल्या कणगीत आहे, बांध कुठून कुठे जातो, कोणाचं कोणाला देणं आहे, हे सगळं तिला माहीत असतं. ती गेली की घर आंधळं होतं. आमच्या कितीतरी घरांत गोदाराणीला ह्या म्हातारीच्या जागी धरतात. आम्ही स्वतःला विचारलं, असं का? त्या तर शेतकऱ्याच्या घरातल्या नव्हत्या.

खरंच नव्हत्या. पुण्याच्या गोखल्यांच्या घरात त्यांचा जन्म झाला. वडील नावाजलेले वकील. त्या कायदा शिकल्या. महाराष्ट्रात कायद्याची पदवी घेणारी पहिली बाई म्हणून त्यांचं नाव सांगतात. स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगात गेल्या, ते घरी चाललं नाही. तेव्हा घर सोडून मुंबईला आल्या. इथून जवळच गिरगावात भारत सेवक समाजाचं काम चाले. त्या समाजाच्या पहिल्या स्त्री आजीव सदस्य त्याच. १९३७-३८ साली मुंबईत प्रौढांना लिहायला-वाचायला शिकवायची मोहीम काढली. १९३८ मध्ये घरकामगारांना एकत्र केलं. गिरगाव-दादरच्या घरात भांडी घासणारे, पाणी भरणारे लोक संघटना करतील असं कोणाला वाटलं नव्हतं. त्यांचा हजारोंचा मोर्चा ह्या शहराच्या रस्त्यावर निघाला. आज मावश्या सभेला आल्या आहेत, त्यातल्या काही घरकाम करतात. त्यांनी हे ध्यानात ठेवावं. गोदाराणी आमच्याकडे यायच्या आधी तुमच्याकडे होत्या.

शामराव परुळेकर तेव्हा डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातले आमदार. १० जानेवारी १९३८ ला कोकणातल्या कुळांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिलवर आला, खोती बंद करा म्हणून. बाबासाहेब त्याच्या पुढे होते आणि शामरावही त्यात होते. तुमच्यातल्या रत्नागिरीकडच्या कितीतरी जणांचे आजे त्या मोर्चात चालले असतील. १९३९ ला गोदूताई आणि शामरावांचं लग्न झालं. पुढे दोघं कम्युनिस्ट पक्षात गेले, तुरुंगात गेले, सुटले आणि किसान सभेच्या कामाला लागले.

आता आमच्याकडची गोष्ट.

७ जानेवारी १९४५ ला टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. उंबरगाव तालुक्यातले थोडे वारली तिथे गेले. त्यात झरीचे माह्या धांगडा होते. त्यांनी तिथे आपली हकिगत सांगितली. ती अशी, की आमच्याकडे माणूस लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतो आणि जन्मभर त्याचा लग्नगडी होतो. बायकोही त्याच्यासोबत राबते. फेडलं तरी फिटत नाही. सावकाराची नांगरट आधी, आपली मागाहून. वेठीला यायला नाही म्हटलं तर मार. आणि बाईच्या अब्रूची किंमत तर नव्हतीच. आमच्या आज्या हे सांगताना खाली बघतात, म्हणून आम्हीही जास्त सांगत नाही. समजून घ्या.

त्यानंतर गोदाराणी आणि शामराव आमच्या भागात आले. २३ मे १९४५ ला झरीला सभा झाली. पाच हजार वारली जमले. तिथे ठरलं, वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचं नाही, मजुरी रोखीने घ्यायची.

आमच्या एका साथीची आजी ह्या पावसाळ्यात वारली. नाव सांगत नाही, घरच्यांना ते आवडणार नाही. कचेरीत तिला कोणी वय विचारलं की ती म्हणायची, "झरीच्या सभेला भावाला काखेत घेऊन चालत गेले, तेवढी होते." मग आम्ही हिशेब करायचो. काखेत भाऊ म्हणजे नऊ-दहाची पोर. तिच्या दाखल्यावर लिहिलेलं वय दर वेळी वेगळं असायचं. ती मात्र बदलली नाही. तिचा बाप लग्नगडी होता. सभेत काय बोलले ते तिला सांगता यायचं नाही. गर्दीत मागे बसलेली, ऐकूच आलं नाही. तिला आठवायचं ते दुसऱ्या दिवसाचं. सकाळ झाली तरी बाप घरीच होता. सावकाराचा माणूस हाक मारून गेला. बाप उठला नाही. ओट्यावर बसून राहिला. आई घाबरून रडायला लागली. पोरांना वाटलं बाप आजारी पडला. त्याआधी बापाला दिवसा उजेडी घरात बसलेला त्यांनी बघितलाच नव्हता.

साथींनो, आम्ही चळवळीचा इतिहास शिबिरात ऐकला आहे. पण आम्हाला तो समजला ह्या म्हातारीकडून. माणूस जागा होणं म्हणजे काय, तर एक सकाळ हाक आली तरी उठायचं नाही. गोदूताईंच्या पुस्तकाचं नाव 'जेव्हा माणूस जागा होतो'. १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. नाव बघा. जागं केलं असं त्यांनी म्हटलेलं नाही. माणूस जागा होतो, स्वतः होतो. त्या शेजारी उभ्या होत्या.

जागं झाल्याची किंमतही मोजली. गवत कापायचे दिवस आले. ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये ही मागणी होती. ५०० पौंड म्हणजे सव्वादोनशे किलोच्या वर, वाकून विळ्याने कापायचं. त्याला अडीच रुपये मागितले तर जमीनदारांचं आकाश कोसळलं. लोकांनी विळे खाली ठेवले. ऑक्टोबर १९४५ मध्ये कोणीतरी खोटा निरोप पसरवला, की तलवाड्याला गोदाराणी येते आहे, तिच्या जिवाला धोका आहे, सगळे चला. हजारो लोक काठ्या-कोयते घेऊन निघाले. त्या तिथे नव्हत्याच. पोलीस मात्र होते. गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण, पाच माणसं मेली. आमच्याकडे त्या दिवसाचा हुतात्मा दिन पाळतात.

ह्या खोट्या निरोपाचा विचार करा. लोकांना फसवायला सावकाराने कोणतं नाव घेतलं? देवाचं घेतलं नाही, राजाचं घेतलं नाही. घरची म्हातारी संकटात आहे म्हटल्यावर घर धावणारच, हे वैऱ्यालाही माहीत होतं. पाच महिन्यांत एवढं नातं झालं होतं. ते भाषणांनी होत नाही. पायी हिंडून, कुडाच्या घरात जमिनीवर झोपून, मिळेल ती आंबील-भाकर खाऊन होतं. सरकारने मग त्यांना जिल्हाबंदी केली. तरी नातं तुटलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. तुरुंगवास त्यांच्या वाट्याला पुन्हा पुन्हा आला. आठ वर्षांच्या बंदिवासावर त्यांनी वेगळं पुस्तक लिहिलं आहे. इथून आर्थर रोड जेल लांब नाही. येताना आम्ही वाट विचारली तर एका काकांनी हात करून दाखवली. त्या जेलमध्ये ३ ऑगस्ट १९६५ ला शामराव वारले, स्थानबद्ध असताना. संसारात जोडीदार गेला, मूल नाही, वय साठीला आलेलं. कोणी म्हटलं असतं, आता पुण्याला जाऊन राहा. त्या तलासरीला राहिल्या. आदिवासी प्रगती मंडळ, मुलांचं वसतिगृह, शाळा ही कामं उभी झाली. आमच्यातले किती जण तिथली डाळ-भात खाऊन दहावी झाले. १९८६ ला त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या, त्या पदावरची पहिली बाई. तेव्हा त्यांचं वय ऐंशीच्या जवळ आलं होतं.

म्हणून आमच्या घरी त्या म्हातारी. रक्ताचं नातं नाही, जात नाही, शेत नाही. पण शेतकऱ्याच्या घरात म्हातारी ती, जी शेवटपर्यंत उंबरा सोडत नाही.

आता दुसरी गोष्ट. स्मरण सभेत फक्त गोड बोलायची रीत आहे, पण आपल्या चळवळीत ती नको.

गोदाराणीची आठवण पुस्तकात आहे. फोटो आहेत. तिचं आम्हाला भय नाही. भय आहे ते पाड्यावरच्या म्हाताऱ्यांचं. झरीला चालत गेलेली पोर म्हातारी झाली. दर पावसाळ्यात दोन-चार जाळतो, पुरतो. त्यांच्याबरोबर काय जातं ते ऐका.

१ एप्रिल १९५७ कूळ कायद्याचा कृषिदिन. कसेल त्याची जमीन. पण कागदावर ज्याचं नाव कूळ म्हणून लागलं त्याची झाली. आमच्या कितीतरी लोकांना जमीनदाराने मजूर दाखवलं. कसत होते, पण कसणाऱ्याच्या रकान्यात नव्हते. १९७४ च्या कायद्याने आदिवासीची गेलेली जमीन परत मिळायची होती. काहींना मिळाली, काहींच्या फायली फिरत राहिल्या. ३० ऑगस्ट १९७५ ला खाजगी जंगलं सरकारने घेतली, त्यात आमची वहिवाटीची शेतंही जंगल म्हणून लागली. आम्ही आहे तिथेच नांगरत होतो, आणि एका दिवसात अतिक्रमण करणारे झालो. १९७८ पर्यंतची अतिक्रमणं कायम करायचा सरकारी ठराव झाला, तर विचारू लागले, १९७८ च्या आधीपासून कसता ह्याला पुरावा काय?

पुरावा म्हातारी आहे. ती सांगते, हा मोह माझ्या सासऱ्याने राखला. ही ताल त्या दुष्काळाच्या साली आम्ही दोघांनी घातली, तेव्हा थोरला पोटात होता. इथे आधी राब जाळायचो, मग खाचर केलं. इथे नागली, वर वरी. कणसरीचा नेम ह्या खळ्यावर होतो, आमच्या सासूच्या सासूपासून. थोरला आज किती वर्षांचा ते मोजा, तालीचं वय निघतं. झाडाचा बुंधा मोजा, मोहाचं वय निघतं. एवढा सरळ पुरावा कोणत्या कागदात आहे?

आम्ही अशा एका आजीला एका कचेरीत घेऊन गेलो होतो. चार कोस चालली. तिथला माणूस म्हणाला, बाईचं बोलणं नको, दंडाची पावती आहे का? म्हणजे जंगलवाल्याने आपल्याला चोर म्हणून दंड केला असेल तर आपण शेतकरी. दंड न करता कोंबडी नेली असेल तर आपण कोणी नाही. आजी बाहेर आली आणि म्हणाली, "कोंबडीची पावती मागायला पायजे होती." आम्ही हसलो. तीही हसली. आणि जमीन अजून तिच्या नावावर नाही. आता होणारही नाही. तीच आजी ह्या पावसाळ्यात गेली.

तिसरी गोष्ट बायकांच्या नावाची. जरा टोचेल, आमच्याच लोकांना जास्त.

आमच्या लग्नात चौक बाई लिहिते. लग्न लावणारी धवलेरी, तीही बाई. रोप लावणी बाईची, बी राखणं बाईचं. आणि सातबारावर? बाप, मग मुलगा. म्हातारीचं नाव आलंच तर नवरा मेल्यावर, इतर हक्कात कुठेतरी. १९९४ साली महाराष्ट्राने हिंदू वारसा कायदा बदलून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा दिला. चांगलं झालं. पण तो मूळ कायदाच अनुसूचित जमातींना लागू नाही. म्हणजे आदिवासी बाईचा हक्क रूढीवर. एप्रिल १९९६ ला, तेव्हाच्या बिहारातल्या हो आदिवासी बायकांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने निकाल दिला. रूढी रद्द केली नाही, पण घरच्या बाईचं पोट ज्या जमिनीवर आहे तिथून तिला हुसकायचं नाही, एवढं म्हटलं. एवढं तरी. बाकीचं आपण पाड्यावर ठरवायचं. रूढी आपली, तर ती बदलायची ताकदही आपली. डिसेंबर १९९६ मध्ये दिल्लीत पेसा कायदा झाला. अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेला अधिकार आले. त्या ग्रामसभेत म्हाताऱ्या मागे बसून राहणार असतील, झरीला आमची आजी मागे बसली तशा, तर कायद्याचा उपयोग अर्धाच होईल.

आणि काका, हे फक्त आदिवासींचं नाही. तुम्ही कोकणातून, घाटावरून गिरणीत आलात. गाळ्यात वीस-वीस जण राहिलात, खानावळीत जेवलात. तेव्हा गावची शेती कोण करत होतं? तुमची आई. पुरुष इथे साच्यावर, बाई तिकडे चिखलात. मनिऑर्डर यायची तेव्हा पोस्टमन नाव विचारायचा, म्हणून निदान मनिऑर्डरवर तिचं नाव होतं. सातबारावर होतं का? आज घरी गेल्यावर बघा. भाऊ-भाऊ वाटणी करताना बहिणींकडून हक्कसोडीवर अंगठा घेतला, तो का घेतला तेही आठवा.

१८ जानेवारी १९८२ ला तुमचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. संप चालला तेव्हा तुमच्यातले कितीतरी गावी गेले आणि म्हातारीच्या शेतातलं खाल्लं. तुमच्या संपाला तांदूळ पुरवणारी ती बाई होती, तिचं नाव कोणत्या पत्रकात आलं नाही. मग लालबाग-परळची धुरांडी बंद पडत गेली आणि मालकांनी गिरणीच्या जमिनी विकायला काढल्या. डॉ. दत्ता सामंतांना जानेवारी १९९७ मध्ये गोळ्या घालून मारलं. मुंबईत प्रश्न जमिनीचा, डहाणूत प्रश्न जमिनीचा. वाढवणच्या मोठ्या बंदराचा प्रश्न, तोही जमिनीचा नि समुद्राचाच. तुमची भाषा एफएसआय, आमची भाषा प्लॉट. पण विचारणारा तोच आणि प्रश्न तोच: तुमच्याकडे कागद काय?

म्हणून आम्ही नुसती फुलं वाहायला आलो नाही. आम्ही युवकांनी ठरवलेलं काम सांगतो. पाड्यावर वाचणाऱ्याने हा भाग दोनदा वाचावा.

एक. दिवाळीच्या आत प्रत्येक पाड्यावर पन्नाशीच्या वरच्या सगळ्या बायका-पुरुषांची यादी करायची. बायकांपासून सुरुवात.

दोन. शाळा शिकलेल्या दोघांनी प्रत्येकीजवळ बसायचं. एक विचारेल, एक लिहील. कोणतं शेत, कोणी मोकळं केलं, ताल कधी घातली, कोणती झाडं, चारी बाजूला कोण. सालं माहीत नसतात. म्हणून साल विचारायचं नाही. झरीच्या आधी की नंतर, गोळीबाराच्या आधी की नंतर, थोरला जन्मला तेव्हा की धाकटा, असं विचारायचं. मग हिशेब आपण करायचा. ती बोलेल तसंच लिहायचं, वारलीत तर वारलीत.

तीन. लिहिलेलं ग्रामसभेत वाचायचं. कोणाची हरकत असेल तर तिथेच सांगायची. मग अंगठे, पंचांच्या सह्या. एक प्रत घरी, एक संघटनेकडे. कचेरीने घेतली नाही तर पोच टपालाने पाठवायची.

चार. प्लॉटचा प्रत्येक दावा नवरा-बायको दोघांच्या नावाने. एकट्या पुरुषाचा दावा संघटना भरणार नाही. विधवेचा आधी.

पाच. गिरणी कामगार साथींना विनंती. तुमच्यात लिहिणारे, टाइप करणारे खूप आहेत. महिन्यातून एक रविवार आमच्याकडे या. भाकरी आमची, कार्बन पेपर तुमचा.

गोदाराणीला देवी करू नका, एवढंच शेवटी सांगायचं आहे. आमच्याकडे देव भरपूर आहेत, त्यांना कोंबडं दिलं की झालं. म्हातारीला कोंबडं चालत नाही. ती विचारते, बांध घातला का, बी राखलं का, पोरगी शाळेत गेली का. तिला उत्तर द्यावं लागतं. ह्या वर्षी आम्ही बावीस जणींच्या साक्षी लिहून घेतल्या. पुढच्या ८ ऑक्टोबरला किती झाल्या, ते ह्याच सभेत येऊन सांगू. तुम्हीही तुमच्या सातबाऱ्याचं सांगा.

कसेल त्याची जमीन! कसेल तिचीही जमीन!
जिंदाबाद. जोहार.